मालकीण आणि मायसाडी

“तिसरं नाई आलं अजून,” लटारी कुजबुजला.

“येईन न. तिले काय तीन तोंडं हायेत?” भागरथा म्हणाली. दुर्बीण मात्र तिने डोळ्यांवरून काढली नाही.

सालईनाल्याच्या अलीकडच्या काठावर, करवंदीच्या जाळीमागे दोघं पालथी पडली होती. कार्तिकातलं ऊन पाठीवर आलं होतं. आदल्या दिवशी एक अस्वल वाघिणीच्या कपारीपाशी हुंगून गेलं, तेव्हा बाईने लगेच बिऱ्हाड हलवायला काढलं. दोन पिल्लं नव्या जागी पोचवून झाली होती. आता ती तिसऱ्याला घेऊन नाल्यात उतरली. पिल्लू बोक्याएवढं, मान आईच्या दाढांत, चारही पाय पोटाशी आखडलेले. ज्या दाढांनी सांबराची मान मोडायची त्याच दाढांत लेकरू धरायचं आणि त्याला ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही! वाघीण दगडांवरून पाय जपून टाकत पलीकडे चढली आणि बांबूच्या बेटात दिसेनाशी झाली.

“माय असावी त अशी,” लटारी म्हणाला.

लटारी कन्नाके साठीला आलेला, जंगलात हाडं झिजलेला माणूस. त्याच्या मनात काही नव्हतं. पण भागरथाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“तिले काय जाते माय व्हाले? ड्युटी नाई का काई नाई. लेकरं घेऊन बसाचं दिवसभर.”

“बसाचं? अव, एकटीनं शिकार कराची, दूध पाजाचं, नर आला त त्याच्याशी भिडाचं. तिची ड्युटी तुया-माया बापानं केली नसन.”

“हाव, हाव. उठा आता. ऊन लागून रायलं.”

भागरथा सिडाम बेलपाणी कॅम्पवर वॉचर होती. जंगलात पायी फिरायचं, पाणवठे बघायचे, पंजे बघायचे, झाडाला बांधलेले कॅमेरे तपासायचे, कोणी कुऱ्हाड घेऊन शिरला तर हटकायचं, हे तिचं काम. अठरा वर्षं झाली त्याला. नवरा तापाने गेला तेव्हा पदरात दीड वर्षाची पुनी होती. खात्याने बायकांमधून वॉचर घ्यायचं ठरवलं आणि भागरथाचा नंबर लागला. पण कॅम्पवर लेकरू ठेवायची परवानगी नव्हती. आठ दिवस जंगलात, दोन दिवस गावी. मोहटोला गाव तिथून सात कोस. पुनीला तिने थोरल्या जावेच्या, गिरजाच्या ओटीत घातलं. गिरजाला मूलबाळ नव्हतं.

“चार दिवस सांभाळ अक्का, मग पाहू,” असं भागरथा म्हणाली होती. त्या चार दिवसांची अठरा वर्षं झाली.

पुनी बोलायला लागली तेव्हा गिरजाला ‘माय’ म्हणू लागली. आता माय म्हणजे माय, त्या गावात आईला दुसरा शब्दच नाही. मग भागरथाला काय म्हणायचं? शाळेत गेल्यावर पोरीला पुस्तकात एक शब्द सापडला. तेव्हापासून ती भागरथाला ‘आई’ म्हणायची. गुरुजींना म्हणतात तशा आदराने. “आई, तुमी कवा आल्या?” आपल्या पोटच्या पोरीने आपल्याला ‘तुमी’ म्हणावं! गिरजाला मात्र ती म्हणायची, “माय, तू सरक न तिकडं, मले झोपू दे.” भागरथा हे ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा, असं ती गिरजाबद्दल मनात शंभरदा म्हणाली असेल. तोंडावर कधी म्हणाली नाही. म्हणायला तोंडच कुठे होतं?

त्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात गोष्ट ऐरणीवर आली होती. नवरीच्या मांडवात मुलाकडचे लोक मायसाडी देतात. भूमक, म्हणजे गावचा पुजारी, पुकारतो, ‘जिनं दूध पाजलं ते पुढं या,’ आणि मायसाडी नवरीच्या आईच्या खांद्यावर पडते. मग ती आई नवरीला दूधभाताचा शेवटचा घास भरवते. तो घास खाऊनच पोरगी उंबरा ओलांडते. तर त्या मांडवात बसल्या बसल्या कोणीतरी हसत म्हणालं, “काऊन व, उद्या पुनीची मायसाडी कोन घेईन? जल्म देल्लेली का जल्मभर पोसलेली?” बायका खिदळल्या. गिरजाने मान खाली घातली. भागरथाही हसली, पण तो काटा पायात मोडला तो मोडलाच. तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. बाकी सगळं घे बाई, पण मायसाडी माझी. तेवढी मी कोणाला देणार नाही.

आणि नेमक्या त्याच साली या वाघिणीला पिल्लं झाली. लटारी तिला मालकीण म्हणायचा. जंगलात फिरताना वाघाचं नाव घेऊ नये, असं तो मानायचा. मालकिणीवर रोज नजर ठेवायचं काम साहेबांनी या दोघांकडेच दिलं. म्हणजे दिवसभर दुसऱ्या एका आईचं कौतुक बघायचं!

दोन महिन्यांची झाल्यावर पिल्लं बाहेर दिसू लागली. दोन माद्या, एक नर. त्यातली एक मादी अंगाने बारकी, तिला लटारी बुटकी म्हणायचा. मालकीण पाण्यात बुड टेकून बसायची आणि काठावर शेपटी हलवत ठेवायची. पोरं त्या शेपटीवर झडप घालायची, पडायची, पुन्हा उठायची. बुटकी आईच्या पाठीवर चढून थेट तोंडापाशी यायची आणि मिशांना चावायची. मालकीण डोळे मिटून घ्यायची. एकदा तिने एक हलकी चापट दिली तशी बुटकी पाण्यात. मग तिलाच चाटून कोरडं केलं. आई शिकारीला निघाली की कसलासा बारीक आवाज काढायची आणि तिघंही जिथल्या तिथे दबून बसायची. वानर ओरडो, मोर ओरडो, आई येऊन हाक घालीपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

“पाह्य, किती ऐकतेत,” लटारी म्हणायचा.

“मारून शिकवलं आसन.”

“तुले काई चांगलं दिसतच नाई का व तिचं?”

खरंच दिसत नव्हतं. आणि दिसायचं तेव्हा जास्तच जळायचं.

होळीच्या आसपास लटारी तापाने घरी पडला. दोन दिवस भागरथा एकटीच जवळच्या पाणवठ्यापर्यंत जाऊन येत होती. पहिल्या सकाळी तिला बांबूच्या बेटाखाली बुटकी दिसली. एकटीच, पाच महिन्यांची. पुढचा पंजा सुजलेला, बहुतेक साळिंदराचा काटा गेला असावा. भाऊ नाही, बहीण नाही, आईचा पत्ता नाही. दुसऱ्या सकाळीही बुटकी तिथेच, तशीच, पोट खपाटीला गेलेलं. पाणवठ्यावर मालकिणीचे आणि दोन पिल्लांचे पंजे, तेही दोन दिवसांपूर्वीचे, डोंगराकडे गेलेले.

भागरथाने ते पंजे पाहिले आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. छातीवरचा दगड कोणी उचलावा तसं हलकं वाटलं. हिनंही टाकलं! ज्या माऊलीचं सगळा कॅम्प रोज गुणगान गातो, तिनंसुद्धा आपलं लंगडं लेकरू टाकलं आणि धडधाकट दोन घेऊन गेली. म्हणजे सगळ्याच आया सारख्या. भागरथाच एकटी वाईट नाही.

तिने कॅम्पवरून ॲल्युमिनियमचं घमेलं आणलं, त्यात पाणी भरलं आणि पिल्लापासून दहा पावलांवर ठेवलं. बुटकी तिच्यावर फिस्कारली. “राहू दे व बाई, मी हावो न,” भागरथा म्हणाली. किती वर्षांत असं कोणाशी बोलली नव्हती. मग तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि सांगितलं, “मादीनं पिल्लू टाकलं जी. पाय मोडला हाये. गाडी पाठवा.”

गाडी म्हणजे पिंजरा. पिंजरा म्हणजे मोठ्या शहरातलं प्राणिसंग्रहालय. इतक्या लहानपणी माणसाच्या हातात गेलेला वाघ परत जंगलात यायची आशा फार थोडी. हे वॉचरच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. भागरथाला ते पाठ होतं.

लटारी त्याच दुपारी ताप अंगात घेऊनच कॅम्पवर परतला होता. निरोप त्याच्या कानावर गेला तसा तो काठी टेकत धावत आला.

“कोनं सांगतलं तुले टाकलं म्हून?”

“दोन दिवस झाले, लटारीभाऊ. आपल्या डोळ्यानं पाह्यलं मी.”

“दोनच न? सांबर मारलं आसन तिनं डोंगरापल्याड. दोघाईले घेऊन गेली, हे लंगडं चालू शकत नाई म्हून लपवून ठेवलं. खाऊन येईन, आचळात दूध उतरलं का येईन. अठरा वर्सं झाली तुले, एवढं नाई समजत?” त्याची नजर घमेल्यावर पडली. “आन हे काय ठेवलं? आता मानसाच्या वासानं मालकीन येईन का इथं? उचल! उचल ते आगुदर!”

भागरथाने घमेलं उचललं. दोघं मागे सरून चढावरच्या दगडाआड बसली. एक तास गेला. लटारीला हुडहुडी भरली होती, दात वाजू नयेत म्हणून त्याने उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता. मग वरच्या अंगाला वानर खाकरलं आणि पाठोपाठ तो आवाज आला. भागरथाने तो पूर्वी ऐकला होता, पण इतक्या जवळून कधी नाही. वाघ डरकाळी फोडतो तो आवाज हा नव्हे. हा घशातल्या घशात, हळू, गोठ्यातली गाय वासराला हंबरावी तसा.

बुटकी ताडकन उठली. दोन दिवस मेल्यासारखं पडलेलं पिल्लू तीन पायांवर पळत सुटलं.

मालकीण बेटातून बाहेर आली. घमेलं होतं त्या जागी थांबली, जमीन हुंगली आणि सरळ दगडाकडे पाहिलं. पण बाईला भांडायला वेळ नव्हता. तिने पिल्लाला आडवं पाडलं, सुजलेला पंजा चाटला, कुरतडला, पुन्हा चाटला. मग तशीच आडवी झाली आणि बुटकी पोटाशी लुचायला लागली. पाजून झाल्यावर दोघी डोंगराकडे निघाल्या. मालकीण चार पावलं टाकायची आणि थांबायची. बुटकी लंगडत जवळ आली की पुन्हा चार पावलं. असं करत दोघी चढ चढून गेल्या.

पिंजऱ्याची गाडी आली तेव्हा तिथे बांबूशिवाय काही नव्हतं. राऊंड साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तुम्ही नवीन असता तर समजू शकलो असतो.” पिंजरा रिकामा परत गेला. पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीवाल्या पोरांना चघळायला विषय मिळाला. “भागरथाबाईनं मालकिनीची कंप्लेंट केली रे! म्हने, लेकरं सांभाळत नाई!” भागरथाने सगळं ऐकून घेतलं. लोकांना वाटलं, चूक झाली. तिलाच ठाऊक होतं की ही नुसती चूक नव्हती. आपल्या जळण्यापायी आपण एक लेकरू जन्मभर गजांआड घातलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवसांच्या सुट्टीत गावी गेली तर गोष्ट तिच्याआधी घरी पोचलेली. गिरजा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने न हसता, न टोमणा मारता म्हटलं, “अव, शिकारीले गेली आसन थे. लेकरं घरी ठेवून कामाले जाच लागते न बाईले. तू नाई गेली? म्हून का तू पुनीले टाकलं?”

अठरा वर्षांत हे वाक्य भागरथाला कोणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याकडच्यांनी नाही, माहेरच्यांनी नाही. ज्या तोंडून ऐकायचं नव्हतं नेमक्या त्याच तोंडून ते आलं. रडू यायच्या ऐवजी तिला संताप आला. चांगुलपणाही हिनेच घ्यायचा का सगळा? भागरथा ताटावरून उठली आणि गुरांना पाणी दाखवायला गेली.

मग पाऊस, मग हिवाळा. पोरं वर्षाची झाली. मालकिणीने त्यांना शिकारीचे धडे द्यायला सुरुवात केली. एकदा तिने चितळाचं पाडस अर्धमेलं करून आणलं आणि पोरांपुढे सोडून दिलं. नराने त्याचा पाय धरला, मोठीने शेपूट, आणि पाडस दोघांना ओढत चाळीस पावलं घेऊन गेलं. लटारी आणि भागरथा तोंड दाबून हसत होती. शेवटी बुटकी, तीच लंगडी बुटकी, पुढून गेली आणि तिने नरडं धरलं. अगदी आईसारखं, खालून, मान वळवून. मालकीण लांब बसून बघत होती. पोरांनी पोट भरेपर्यंत ती जागची उठली नाही.

“इच्यात गुन हाये,” लटारी म्हणाला.

“हाये,” भागरथा म्हणाली. ती पहिल्यांदाच त्याच्याशी भांडली नाही.

माघात पुनीचं साक्षगंध झालं. मुलगा नदीपलीकडच्या गावचा, पंचायतीत शिपाई, सरळ स्वभावाचा. वैशाखातली तारीख धरली. भागरथाने साहेबांकडे आठ दिवसांची रजा मागून ठेवली आणि तिच्या डोक्यात पुन्हा मायसाडीची चाकं फिरू लागली. बोहल्याचं, जेवणाचं, पाहुण्यांचं सगळं गिरजाच बघत होती. बायका सगळं गिरजालाच विचारत होत्या. “माय, गोडाले काय करतं?” “माय, हळद किती लावतं?” भागरथा आपल्याच घरी पाहुण्यासारखी दाराशी बसायची.

रजेवर जायच्या आधीच्या आठवड्यात ती लटारीबरोबर पाणवठ्यावर होती. उन्हाळ्याने बाकीचे डोह आटले होते, एवढंच पाणी उरलं होतं. मालकीण पाण्यात बसली होती. बुटकी आली, आता आईएवढी झालेली, आणि सवयीने आईच्या अंगाला अंग घासायला गेली. मालकीण गुरकावली. बुटकी थांबली. पुन्हा पुढे झाली तशी मालकिणीने उठून पंजा उगारला. नखं बाहेर काढून. ही चापट नव्हती. बुटकीच्या कानशिलावर रक्त आलं. ती दहा पावलं मागे गेली आणि बसून राहिली, बघत.

“नर आन मोठी गेले कवाचेच,” लटारी म्हणाला. “आता इले काढून रायली.”

“काऊन व?” भागरथाने एकदम विचारलं. विचारलं ते वाघिणीलाच. “आता काय केलं तिनं?”

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पाणवठ्यावर बुटकी एकटी, पाण्यात बुड टेकून, आईच्या जागी. मालकिणीचे पंजे ओढा ओलांडून पलीकडे गेले होते. तिकडे पाणी होतं, पण कमी, आणि चढ फार.

“पाह्यलं? हाकललं पोरीले न् गेली सोता,” लटारी म्हणाला. “दुसरी कोनी मादी आसती त फाडली आसती तिले या पान्यासाठी. पोटची हाये म्हून पानी तिले सोडून देल्लं.”

भागरथाला मालकिणीचा पुन्हा एकदा हेवा वाटला. देण्यासारखं काहीतरी होतं तरी तिच्याकडे.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने गिरजाला माजघरात गाठलं. आडवळण घ्यायचं तिला जमत नव्हतं.

“अक्का, मायसाडी मी घेईन.”

गिरजा तांदूळ निवडत होती. “मंग? मी कवा म्हनलं का मी घेईन?”

“लोक म्हनतेत.”

“लोकाइले काय काम?” गिरजाने सूप खाली ठेवलं. “दूध तू पाजलं तिले. मायाजवळ कुठं होतं दूध?”

भागरथाला वाटत होतं, हिने भांडावं. दोन शब्द उणेदुणे काढावेत, म्हणजे आपल्यालाही काढता येतील. पण गिरजाने पुन्हा सूप उचललं आणि खडा शोधायला लागली. तिची बोटं एकाच जागी फिरत होती, हे भागरथाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मांडवात मोहाच्या डहाळ्या लावल्या होत्या. ढोल थांबला. भूमक उभा राहिला आणि त्याने पुकारा केला, “जिनं दूध पाजलं, ते पुढं या!”

प्रत्येकाची मान आधी गिरजाकडे वळली, मग भागरथाकडे. एकोणीस वर्षं वाघाच्या जंगलात पायी फिरलेली बाई, तिला चार पावलं टाकता येईनात. तेवढ्यात पाठीवर एक हात टेकला आणि त्याने तिला हलकेच पुढे ढकललं. तो हात कोणाचा, हे बघायला तिला वळायची गरज नव्हती.

मुलाच्या मावशीने हिरव्या काठाचं लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं. नवं, कडक, घडीचं. भागरथाला वाटलं, आता आभाळ हातात आलं. कोणीतरी दूधभाताची वाटी तिच्या हातात दिली. पुनी समोर बसली होती, हळदीने पिवळी, डोक्यावर पदर. भागरथाने घास कालवला, चांगला मोठा, दूध गळेल असा, आणि तिच्या तोंडाशी नेला.

“दूध नको व, तिले ओकारी—” मागून गिरजाचा आवाज आला आणि अर्ध्यातच तुटला. तिने स्वतःचाच पदर तोंडात कोंबला होता.

भागरथाचा हात हवेत थांबला. पुनीने एकदा मागे, गिरजाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, घास घेतला, चावला आणि गिळला. कपाळावर एक आठी नाही. डोळ्यांत मात्र पाणी तरारलं आणि गळ्याशी काहीतरी उसळून वर येत होतं, ते तिने दोनदा गिळलं.

“अजून द्या, आई,” पुनी म्हणाली.

भागरथाने दुसरा घास दिला नाही. वाटी खाली ठेवली आणि पोरीचं तोंड आपल्या नव्या लुगड्याच्या पदराने पुसलं. बायका म्हणाल्या, पाहा, मायेला कसं भरून आलं. बरोबरच होतं त्यांचं.

दुपार टळायच्या आत वरात नदीकडे गेली. जाताना पुनी गिरजाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली आणि भागरथाच्या पाया पडली. धूळ बसली. पाहुणे पांगले. मांडवाखाली कुत्री पत्रावळी ओढत होती.

गिरजा मागच्या परसात भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढे बसली होती. घासत नव्हती, नुसती बसली होती. पुनीची सकाळची पितळी तेवढी तिने बाजूला काढून ठेवली होती. भागरथा आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. मायसाडी अजून तिच्या खांद्यावरच होती, घडी न मोडलेली.

“कवापासून नाई चालत तिले दूध?”

गिरजाने वर पाहिलं. “पाच वर्साची होती. कावीळ झाली. तुले निरोप पाठवला होता, पन तुया कॅम्पचा रस्ता पुरानं बंद होता. तवापासून वासबी नाई सहन होत. च्या बी कोराच पेते.”

“मले वाटे, आपल्या घरी समदेच कोरा पेतेत म्हून पेते.”

“नाई. तिच्यासाठीच समदे कोरा प्याले लागलो.”

भागरथाच्या काळजात पुन्हा तीच जुनी कळ उठली, तशीच्या तशी. मायसाडी मिळाली म्हणून ती गेली नव्हती. तिने राखेत हात घातला, एक तवली ओढली आणि घासायला घेतली.

“आखीन?” तिने विचारलं.

“आखीन काय?”

“आखीन काय काय नाई खात ते?”

गिरजा हळूहळू सांगायला लागली. लाखोरीची भाजी खात नाही. आंबाडी आवडते पण शिळी. झोपताना पाय उघडे लागतात, कितीही थंडी असो. वीज कडाडली की बोलायची बंद होते, तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. डाव्या कानाने तिला थोडं कमी ऐकू येतं, म्हणून उजवीकडून हाक मारायची. प्रत्येक शब्दाला भागरथाला आतून चटका बसत होता आणि प्रत्येक शब्द ती गाठीला बांधून ठेवत होती. सूर्य मोहाच्या झाडामागे गेला. तवली कधीच लख्ख झाली होती, तरी ती घासतच होती.

गिरजा थांबली. “बस. एवढंच.”

“आन वांगं?” भागरथाने विचारलं. “वांगं खाते का ते?”